नऊ नंबरचे दोन सेन्सर

३ नोव्हेंबर, सोमवार

नऊ नंबरचा गॅस सेन्सर आजही शून्य! सांडपाण्याच्या खड्ड्याच्या तोंडाशी उभा होतो. सडक्या अंड्यांचा वास, घशात जळजळ. माझ्या हातातल्या गॅस मीटरवर बावीस; दहाच्या वर अलार्म वाजायला हवा. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर शून्य.

सेन्सरच बदलला. नवाही शून्य! पंपावरचा शिवराम हसला – "काय इंजिनेर, नाक खरं की मशीन?"

राजेंद्र दाजी, म्हणजे मायाताईचे यजमान, याच खड्ड्यावर असतात. जीव थाऱ्यावर नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कारण कळलं. नऊ नंबर दोन आहेत!

कंपनीत आम्ही चाळीस बिनतारी सेन्सर लावले. सगळ्यांना गुप्त चावी, म्हणजे पासवर्ड, एकच. जो ती चावी दाखवून 'मी नऊ नंबर' म्हणेल त्याच्यावर स्क्रीन विश्वास ठेवते. खड्ड्यावरचा आमचा सेन्सर बॅटरी वाचवायला मिनिटाला एकदा बोलतो. दुसरा, कुठे आहे देव जाणे, दर सेकंदाला ओरडतो – शून्य, शून्य, शून्य. खऱ्याचं कोण ऐकणार?

तो आला कुठून, याचा अंदाज आहे. आमचे ठेकेदार अल्पेश शेठ बाद झालेले सेन्सर कॅम्प पाचच्या बाजारातल्या रिपेअरवाल्याला विकतात. आतली चावी कुणी पुसत नाही. तो दुरुस्त करून कुणालाही देतो.

शेठना फोन केला. "अरे, चाळीस जागी चाळीस चाव्या कोण सांभाळणार? टेन्शन मत ले. तू बॅटऱ्या बदल."

५ नोव्हेंबर, बुधवार

आज मीटरवर एकतीस.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सेफ्टीच्या विक्रांत साहेबांना लेखी दिलं. शुद्धलेखन दोनदा तपासलं. त्यांनी कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. "स्क्रीनवर शून्य आहे ना? मग ऑडिटला शून्य. बारावी तरी झालायस का तू?"

नाही झालो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा नऊ नंबर सापडला. फोनवर सिग्नलची ताकद बघत बघत सगळं आवार फिरलो. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यात जास्त. एका कपाटावर, हेल्मेटखाली, साबणाएवढी डबी. कपाट दाजींचं!

मला वाटलं चिडतील. ते रडवेले झाले. "अलार्म वाजला की ड्युटीवर जो असेल त्याचं नाव लिहितात. माझं दोनदा झालंय. तिसऱ्यांदा गेटपास जातो. सोमवारी परमनंटची यादी लागतेय रे – तोवर राहू दे. मायाला सांगू नकोस."

मी म्हणालो, हा वायू वाढला की वासच येईनासा होतो, माणूस जागच्या जागी कोसळतो.

"मी उतरणारच नाही खाली. तुझ्या ताईची शपथ."

डबी माझ्या हातात होती. बटण दाबलं असतं तर बंद. परत ठेवली.

८ नोव्हेंबर, शनिवार

तीनदा खड्ड्यावर जाऊन आलो. दाजी शब्दाला जागले. वरच होते. "जा की आता, लाज आणतोस," म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार

दाजींना सुट्टी होती. पंप अडकला म्हणून शिवराम कंट्रोल रूमला विचारून खाली उतरला. बाहेर काढला तेव्हा गेला होता.

पोलिसांनी विचारलं, खड्ड्यावरचा सेन्सर नीट चालत होता का?

आमचा चालत होता; दुसऱ्याचं त्यांनी विचारलं नाही. मी हो म्हणालो.