ठेवलं की बोलाचं

आबा, परवा वाशिमला डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांतला दाब मोजला आणि विचारलं, घरात कोणाला काचबिंदू होता का. वडिलांना, मी म्हटलं. पूर्ण गेले होते का डोळे? पूर्ण. त्यांनी थेंब लिहून दिले, आयुष्यभर टाकायचे. तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हा उशीर झाला होता, माझं जरा लवकर कळलं, एवढाच काय तो फरक. बाहेर येऊन स्टँडजवळ चहा घेतला, आणि खरं सांगते, तुमची आठवण येण्याआधी मला काकाचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो राग जसाच्या तसा आहे.

डोळे गेल्यावरही तुम्ही केनवडचं किराणा दुकान चालवलंत ते एका नियमावर. ठेवलं की बोलाचं. आईनं तांब्या ठेवला की तिनं म्हणायचं, "पाणी, उजव्या हाताले." मी दार लोटलं की म्हणायचं, "दार बंद केलं." चूल पेटलेली असली तर तेही सांगायचं. कोणी न बोलता काही सरकवलं तर तुम्ही ओरडत नव्हतात, नुसतं म्हणायचात, "मुक्यानं ठेवलं तं ते माह्यासाठी ठेवलंच नाही." पाहुण्यांना हे कधी जमलं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून ते चोरपावलांनी यायचे, कपबशी अगदी हळूच तुमच्यापुढे ठेवायचे, आणि तुमचा हात लागून ती फुटली की आमच्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. फोडली कोणी, हे मात्र कोणाच्या डोक्यात यायचं नाही.

त्या दिवाळीला काका रिठदहून आला. मी आणि आई धुणं घेऊन विहिरीवर गेलेलो, तुम्ही आत जरा आडवे झालेले. तेवढ्यात त्यानं सगळे डबे उतरवून सारख्या उंचीचे ओळीनं लावले. डब्यांच्या गळ्यात तुम्ही सुतळ्या बांधल्या होत्या, मिठाच्या सुतळीला गाठ, साखरेच्या सुतळीला चिंधी. त्या गबाळ्या दिसतात म्हणून कापून टाकल्या. "पाह्य, आता कसं शहरातल्यावानी दिसून राह्यलं," तो मला म्हणतो आणि लांब उभा राहून दुकानाकडे पाहतो. संध्याकाळी गल्लीतली एक बाई, तुम्ही जागेच्या सवयीनं दिलेली मिठाची पुडी घेऊन परत येते. "हे मीठ नाही ना, धुण्याचा सोडा हाय. वरनाले फेस आला." दुकानातली माणसं हसतात. तुम्ही डब्याचा गळा चाचपता, पुन्हा पुन्हा तिथेच हात फिरवता. "सुतळी कोनं कापली?" काका म्हणतो, "दादा, सुतळीचं काय घेऊन बसले? तुमाले आता जमत नाही हे." संक्रांतीच्या आत गल्ल्यावर काका होता आणि तुम्ही बाहेर ओट्यावर. सुतळ्या परत बांधल्या असत्या तर भागलं असतं, पण तसं म्हणणारा तिथे एकही मोठा माणूस निघाला नाही.

मी काय काम करते ते तुम्हाला कधी सांगता आलं नाही. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी आम्ही सुटे भाग तयार करतो. बटन, उघडणारी यादी, तारीख निवडायचं कॅलेंडर असं. निरनिराळ्या देशांतली आम्ही काही माणसं मिळून ते लिहितो, आणि ज्याला हवे त्यानं फुकट न्यावेत, हवे तसे बदलावेत, असं आम्हीच लिहून ठेवलं आहे. आंधळ्या माणसाचा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो, पण बटनाला नाव असेल तरच. आमचा प्रत्येक भाग बोलतो. मी कोण, उघडा आहे की मिटलेला, निवडला की नाही. आमच्या धंद्यात याला भारी भारी नावं आहेत. मला आपली ती सुतळी दिसते.

मागच्या महिन्यात आईचं खातं आहे त्या पतसंस्थेनं नवी वेबसाइट काढली. उघडताच ओळखलं, भाग आमचेच, कॅलेंडर तर माझ्या हातचं. मी डोळे मिटून फोनचा आवाज लावला. बटन, तो म्हणाला. बटन. बटन. शब्द काढून टाकून नुसती चित्रं ठेवली होती, आणि चित्रांना नावं दिली नव्हती. बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसाला फोन केला. मोठा गोड बोलला. "मॅडम, शब्दांनी साइट गिचमिड दिसत होती. आन तुमीच लिहून ठेवलं ना, पाहिजे तसं बदला म्हणून. आजपावतर एकाही आंधळ्याची तक्रार नाही आली." मी म्हटलं, तक्रारीचं बटनही मुकंच आहे. तो हसला, पाहू म्हणाला. मी दुरुस्ती करून पाठवली, तीही फुकट. त्यांनी ती लावली नाही. फुकट नेलं याचं मला काही नाही, नेण्यासाठीच ठेवलं होतं. पण उद्या माझे डोळे गेले, तर माझ्याच हातच्या कॅलेंडरापुढे मी ओट्यावर बसणार, आणि वर कोणीतरी म्हणणार, बाईले आता जमत नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही. तुम्ही असतात तरी ते कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि आपल्याकडे आलेली पत्रं काकाच वाचून दाखवायचा. आई केनवडलाच असते, तिला मी डोळ्यांचं अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला मात्र एक सांगते. काल इथे, वाशिमच्या खोलीत, थेंबांची बाटली फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "थेंब, डाव्या हाताले." खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.