जहाजाची पोथी

गुरुवार, भादवा, १९६४

धनी गेल्यापासून घरात मी अन् सासू, दोघीच. आभाळात अडकलेल्या जहाजाची गोष्ट मी तिले रोज एकच पान वाचून दाखवते. ती पोथीसारखी हात जोडून ऐकते. जहाजावरचा कप्तान रोज सगळ्यायले गिलासभर पानी अन् एकच गानं देते.

आज खाटेवरून म्हने, "सारं वाचून टाक वं. माह्या उद्याचा भरोसा नाही."

"कप्तानाचा हुकूम हाय आत्याबाई, एकच पान!"

"मेले, कप्तान तूच हायस!"

दोघी हसलो. पन माह्या जीव थाऱ्यावर नाही. त्या एका पानासाठीच ती दोन घास खाते. अन् आता दोनच पानं उरली. जहाज घरी पोचते त्यात.

काऊन पोचू देऊ? उद्यापासून मनानंच रचून वाचीन. पोथीत खोटं वाचलं तं पाप लागते म्हनतात. लागू दे.