लाल पिंपापर्यंत

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा वाट चुकले! एवढी अवाढव्य शाळा, सगळे जिने सारखे – भूगोल शिकवायला निघाले आणि पोहोचले सुतारकामाच्या खोलीत. माझी दहावी खो खो हसली. घरी सतरा भाषा बोलणारी पोरं, पण बाईंना हसायला सगळ्यांची एकी!

मग पोरं म्हणाली, "बाई, शाळेची जुनी प्रथा आहे. परीक्षेआधी दहावी समुद्रात नांगरलेल्या लाल पिंपापर्यंत पोहत जाते. वर्गशिक्षक सोबत."

"माहीत आहे," मी ठोकून दिलं. का, देव जाणे! मला पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यातही छातीत धडधडतं.

७ जानेवारी

स्टाफरूममध्ये विचारायची लाज वाटते. नवीन आले नाही तोच रडगाणं!

१८ जानेवारी, शनिवार

चष्मेवालीनं परवा ओळखलंच. वर्गातली सगळ्यांत आगाऊ पोरगी, वडील होडी चालवतात. "बाई, येत नाही ना? शनिवारी किनाऱ्यावर या. कुण्णाला सांगणार नाही."

आज गेले, तर अख्खा वर्ग हजर! जो तो आपापल्या भाषेत ओरडतोय. मला कळलं एवढंच – "बाई, तोंड मिटा!" पोटभर खारं पाणी प्यायले. पण काय मजा आली!

१ फेब्रुवारी

तरंगले!!!

२ मार्च

आईचा फोन. "पन्नाशीला आलीस, कसली ही थेरं?" मग फोन ठेवता ठेवता – "जपून गं."

८ मार्च, शनिवार

गेले! चष्मेवालीचे बाबा होडी घेऊन शेजारीच होते, सारखे मिशीत हसत होते. निम्म्या वाटेत मला दम लागला. परत फिरणार, तेवढ्यात चष्मेवाली म्हणाली, "बाई, काहीतरी विचारा ना आम्हाला!"

"भरती – कशामुळे – येते?"

"चंद्रामुळे!" सगळी एका सुरात. त्यातला निम्मा वर्ग परवाच्या चाचणीत हेच चुकला होता! हसता हसता पिंप हाताला लागलं. मी रडले, ओरडले, पुन्हा रडले. इतकी खूश मी कधी झाले होते, आठवत नाही.

१० मार्च, सोमवार

मुख्याध्यापक म्हणाले, "प्रथा? कसली प्रथा? आजवर एकही शिक्षक तिथवर गेलेला नाही!" कार्टी!!

दुपारी रसायनशास्त्राचे नवे सर हळूच जवळ आले. पुढच्या वर्षी दहावी त्यांच्याकडे. "बाई, ते पिंपाचं... खरं आहे का हो?"

"फार जुनी प्रथा आहे," मी म्हणाले.