डावा स्पीकर

२ नोव्हेंबर, पाडवा

आणला एकदाचा! अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. जुनेच, पण ठणठणीत. तीस वर्षं हे म्हणत होते आणि तीस वर्षं मी 'पुढच्या दिवाळीला बघू' म्हणत होते. कळंबोलीला लोखंडाच्या गोदामात जन्म गेला यांचा, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. आज यांना लहान मुलासारखं खोकं उघडताना पाहिलं. देवाची कृपा.

मी हो म्हटलं त्यात माझाही स्वार्थ आहे. संध्याकाळी देवापुढे आम्ही जोडीने रामनाम म्हणायचो. पूजेला बायको उजवीकडे, म्हणून हे कायम माझ्या डाव्या हाताला. मी डोळे मिटून मोठ्याने, हे आपले हळू. दोनेक वर्षं झाली, हे गप्प. येऊन बसतात, पण आवाज नाही. मी विचारलं नाही. श्रद्धा काय विचारून येते? आमच्या मुक्ताबाईंच्या भजनी मंडळाचा नामजप लॅपटॉपवर आहे. तो घरभर घुमला तर यांना पुन्हा गोडी लागेल. रामा, एवढं कर.

३ नोव्हेंबर

लॅपटॉप आशुतोषचा जुना. त्याने पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात एक पिन. दुसऱ्या टोकाच्या दोन अँप्लिफायरच्या पाठीमागे. पांढरी डावी, लाल उजवी. बाबांना घाई करू देऊ नकोस." वायर मीच खोचली. त्याआधी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. नवी वस्तू घरात आली की करतेच.

हे म्हणाले, "मीना, मधोमध बस. पुरुष डावीकडून, बायका उजवीकडून. डोळे मिट, देवळातच आहेस समज."

मिटले. सगळे उजवीकडेच. पुरुषसुद्धा बायकांत घुसून बसलेले.

बोलले नाही. यांचा चेहरा इतका खुलला होता.

४ नोव्हेंबर

डावा मुकाच. अक्षता जाळीतून आत गेल्या असणार. माझ्याच हाताने झालं.

६ नोव्हेंबर

शेवटी यांना सांगितलं. "अगं, छान वाजतोय की!" मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात, कळतं मला. वायरी अदलाबदल करून बघितल्या, उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे. काही फरक नाही. संध्याकाळी जप लावून बसलो. यांचा आवाज आजही नाही.

८ नोव्हेंबर

हारुनभाई आले. सामान त्यांच्याच दुकानातलं. मी अक्षतांचं कबूल करून टाकलं. त्यांनी जाळी काढून झटकली, तीन तांदूळ पडले. "वहिनी, तीन दाण्यांनी भूक भागत नाही, स्पीकर काय बंद पडणार?" हेही हसले.

पुन्हा लावलं. तेच. मग माझी जीभ सुटली. "पाडव्याच्या दिवशी फसवलंत होय आम्हाला?" हे मला गप्प करायला उठले, तर हारुनभाईंनीच यांना हाताने बसवलं. म्हणाले, "वहिनी, एक करा. खुर्ची उलटी फिरवा. स्पीकरांकडे पाठ करून बसा."

बसले. आता मुका स्पीकर माझ्या उजव्या हाताला आला. आणि सगळा आवाज त्यातूनच. आधी चांगला वाजत होता तो आता गप्प.

हारुनभाईंनी लॅपटॉप मिटला. "माझ्या आईचं असंच निघालं होतं. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. स्पीकर काय, इथेच आहेत."

त्यांचा चहा गार झाला होता. दुसरा टाकला. माफी मागितली. "साखर बरोबर आहे, म्हणजे माफ," म्हणाले. देवमाणूस. दुसरा कोणी असता तर माझ्या बोलण्यावर चिडून निघून गेला असता, आणि मी जन्मभर त्यालाच नावं ठेवत बसले असते.

११ नोव्हेंबर

वाशीला तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक शिट्ट्या वाजवतात. डावा कान जवळजवळ गेलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू गेला असणार, दोन वर्षं तरी झाली. मशीन लावून थोडं येईल. फोन मी उजव्याच कानाला लावते, मग कळणार कसं?

उजवा शाबूत आहे. निम्मं देवाने ठेवलं, आणि निम्मं गेल्याचं सांगायला चांगला माणूस पाठवला. तक्रार नाही. खारघरला येईपर्यंत यांनी माझा हात सोडला नाही, साठी उलटली तरी. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी यांना म्हटलं, आज रीत राहू दे, माझ्या उजव्या हाताला बसा. बसले. मी डोळे मिटून सुरुवात केली. दुसऱ्याच मण्याला शेजारून आवाज. हळू, ओळखीचा.

माळ थांबवली. विचारलं, "पुन्हा कधी सुरू केलंत?"

म्हणाले, "बंद कधी केलं होतं?"