स्पृहाच्या पोटावरचा बिब्बा

आईच्या पाया पडते,

रात्री डोळा लागत नाही. घाबरू नको, स्पृहा बरी आहे, माझ्याजवळच आहे. तिचं पोट दुखायचं म्हणून तू दिलेला बिब्बा बेंबीभोवती लावला, तर तो उतला, कातडी भाजल्यासारखी झाली. डोस द्यायला नेली तेव्हा इथल्या गोऱ्या नर्सला वाटलं, मी पोरीला चटके दिले. आता कोर्टात केस आहे. पोरगी माझ्याकडे ठेवायची का नाही, ते पुढच्या महिन्यात ठरेल.

कोर्टाने स्पृहाच्या बाजूने बोलायला हेलन म्हणून एक म्हातारी नेमलीय, ती घरी येते. पगार घेत नाही. लॉकडाऊन आहे ना, म्हणून मास्क लावून बाहेर अंगणातच बसते. मी चहा विचारला तर म्हणाली, "नो वरीज, आधी बाळ दाखव." स्पृहाने तिचा मास्कच ओढला. हेलन खूप हसली गं.

ह्यांनी तिला बिब्ब्याचं सगळं इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "मी तुमची नाही, बाळाची आहे. तुमच्याकडे असं करतात, हे मला कशावरून कळणार?"

मला दादाचं पोट आठवलं. तू लहानपणी लावलेल्या बिब्ब्याचे डाग अजून आहेत ना?

तुझा गुडघा कसा आहे? लस घेतलीस का?

यतिनदादाचा नंबर बदललाय, मला लागत नाही; नवा तुझ्याकडे असेल. आईला हे पत्र जो कोणी वाचून दाखवेल, त्याने एवढं करावं. दादाला आजच फोन लावा. म्हणावं, शर्ट वर कर, पोटाचा फोटो काढ आणि लीनाला पाठव.

तुझी लीना