बिनवायरीचा हेडफोन आणि माझी पूर्णामाय

१९ एप्रिल २००४, कळमनुरी
रणजीतनं बिनवायरीचा हेडफोन आणला. टीव्हीजवळ एक डबी ठेवायची, तिच्यातून किरणं निघतात, आपल्या कानात आवाज. मला गरज नव्हती. माझे कान ठणठणीत आहेत, हल्लीचे निवेदकच तोंडातल्या तोंडात बोलतात. पण पोरगं हौसेनं आणतं, घेतला. शिवाय १ मेला आमची नात शितल हिंगोलीच्या स्पर्धेत माझी ‘पूर्णामाय’ ही कविता म्हणणार आहे. दुसऱ्या दिवशी केबलवर दाखवतील. एक शब्द निसटता कामा नये.

पूर्णे, तुझ्या काठी माझी शाळा भरे,
पाटीवरी पाणी, पाण्यावरी तारे.

पुन्हा लिहिताना डोळे भरले.
डबी उघडीबोडकी बरी दिसेना. आईच्या हातचा, आरशांच्या भरतकामाचा रुमाल टीव्हीवर घातला. आमच्या तांड्यात किमती वस्तू अशीच सजवतात.

२० एप्रिल, संध्याकाळी ७
बातम्यांत आवाज गेला. आला. गेला. बायकोला विचारलं, डबीला हात काहून लावलास? पारुबाई म्हणाली, “मी भाकरी थापून राहिले. तुमच्या डबीची आरती न्हाई करून राहिले.” विषय सोडून बोलायची जुनी सवय.

२२ एप्रिल
नासेरच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. माझाच विद्यार्थी, चौथीत पाढे चुकायचा. दुकानात हेडफोन तासभर सुरळीत चालला. “गुरुजी, एकदम बराबर हाय. तकलीफ घरात असंल.” माझ्या घरात! उन्हातून परत आलो, पंखा लावला, हेडफोन घातला. गेला.
निश्चय : चिडायचं नाही.

त्याच दिवशी, ७.४०
चिडलो. ताट सरकवलं. डाळ सांडली. डाळ पातळ होती, हे कोणी लक्षात घेत नाही.

२५ एप्रिल
कंपनीला तीन पानी खरमरीत पत्र. शेवटी दोन ओळी उत्स्फूर्त सुचल्या, त्याही ठेवल्या. सिद्धेश्वरच्या शाळेत असताना माझा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तर धरणावरचे कोळी जाळं टाकायचं थांबायचे. मध्ये डबी नव्हती, किरणं नव्हती. शितलला त्याच चालीत शिकवलीय.

२८ एप्रिल
नासेरला घरी बोलावलं. लाईट आली, पंखा फिरला, आवाज गेला. नासेर टीव्हीकडं बघून हसायलाच लागला. “गुरुजी, इसको घुंघट कोनी घातला?” पंख्याच्या वाऱ्यानं रुमालाचं टोक डबीवर येतं म्हणे, आणि किरणं कापडातून जात नाहीत. या घरात वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्तच नाही, असं मी ठणकावून सांगितलं. पारुबाई माझ्याकडं बघत राहिली. विनाकारण.

१ मे
सगळे हिंगोलीला गेले. मी नाही. गेल्या वर्षी गेलो तर तिथला माईक पुटपुटत होता. संध्याकाळी शितल पहिलं बक्षीस घेऊन आली. म्हणजे पूर्णामायच पहिली आली! ती काहीतरी सांगायला लागली. म्हटलं, एक अक्षर बोलू नको, मी उद्या माझ्या कानांनी ऐकणार. कंपनीला क्षमा केली.

२ मे, रात्री ८
रुमाल पेटीत. पंखा बंद. टीव्हीसमोरून कुणी जायचं नाही. हेडफोनमधला आवाज एकदाही तुटला नाही. माईक स्वच्छ. शितल उभी राहिली, नमस्कार केला आणि म्हणाली,

आमचा टीव्ही जोरात बोले,
ऐकून गल्लीतले कुत्रे डोले,
आजोबा म्हणती, “पोरी, पोरी,
मुका सिनेमा लावला कोणी?”

अशी सहा कडवी. सहाच्या सहा ऐकू आली. लोकांचं हसूसुद्धा. तिथं पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांनी डोळे पुसले.
हेडफोन काढून ओरडलो : माझी पूर्णा कुठंय? शितल पुटपुटली. ओठ हलले फक्त. मग पारुबाई माझ्या कानाशी आली. “पोरीनं तीनदा इचारलं तुमाला, आजोबा, कविता बदलू का, तुमच्यावरच लिवलीय. तीनदा मान हलवली तुमी. वरून शंभर वर्षं जग म्हणाले!”
रागानं अंगणात जाऊन बसलो. पोरगी मागं आली, मांडीवर डोकं ठेवून काहीतरी बोलत होती. बराच वेळ. काय ते विचारलं नाही.
रणजीत उद्या नांदेडला कानाच्या डॉक्टरकडं चला म्हणतो. साफ नाही म्हणून सांगितलंय.
साडेसातची गाडी आहे. सातला निघावं लागेल.