नळीचं दुसरं टोक

प्रिय ताई,

उताराच्या पायथ्याशी राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांची तक्रार एकच: वरचे नांगरतात आणि खालचे गाळ उपसतात. ही तक्रार मी गावोगाव भाषणांत मांडली, टाळ्या घेतल्या. वरच्यांत मीही आहे, एवढं सांगायचं तेवढं राहिलं.

आठवतं, बाबा वरच्या शेतात समपातळीच्या रेषा कशा आखायचे? पाणी भरलेली ती लांबलचक पारदर्शक नळी. एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. दोन्हीकडचं पाणी खुणेवर स्थिरावलं की बाबा खुंट्या ठोकायचे. खुंट्यांच्या रेषेवर बांध, बांधावर गवत. माझी बडबड सुरू झाली की हात हलायचा, पाणी डुचमळायचं आणि तू खेकसायचीस, "भोंग्या, तोंड मिट, पाण्याला ऐकू येतं!" बाबा गालातल्या गालात हसायचे. म्हणायचे, घाई पाण्याला असते, आपल्याला नसावी.

मला झाली. बाबांमागे वाटणीत वरचं शेत माझ्याकडे आलं, नदीकाठचं तुझ्याकडे. ट्रॅक्टर वळवायला अडचण नको म्हणून मी बांध सपाट केले आणि उतारावरून सरळ खाली नांगर घातला. दोन पावसाळ्यांत तुझा भाजीचा मळा गाळाखाली गेला. तू ओंजळभर माती आणून माझ्या ओट्यावर ठेवलीस. म्हणालीस, "तुझी आहे, सांभाळ." मी तुलाच नदीच्या स्वभावावर व्याख्यान दिलं. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आपलं बोलणं नाही.

परवा एका सभेत जमीन राखण्यावर तावातावाने बोलत होतो. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, तुमच्या शेतात किती बांध आहेत? माईक चालू होता ताई, भोंगाच बंद पडला.

दुसऱ्या दिवशी ती नळी शोधून काढली. एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं घेऊन निघालो. खुंटी कलली, ती सावरायला धावलो तर हातातलं टोक खाली गेलं आणि सगळं पाणी माझ्या चपलांवर. तिथेच ढेकळावर बसलो. या कामाला दोन माणसं लागतात, आणि दोघांना गप्प उभं राहावं लागतं. इतकी भाषणं केली, माफीचं एकही जमत नाही. बांध पुन्हा घालायचेत. रविवारी सकाळी वरच्या शेतात ये आणि नळीचं दुसरं टोक धर.

या वेळी तोंड मिटून उभा राहणारा,
तुझाच भोंग्या